सुपर रोबोट वॉर्स: यात खरोखर व्यूहरचना आहे, की केवळ आवडत्या रोबोंचे संमेलन?

रात्रपाळी (धागालेखक)

नमस्कार. 'सुपर रोबोट वॉर्स ३०' हा खेळ मी काही दिवसांपासून खेळत आहे आणि त्याच्याविषयी मनात आलेली एक शंका येथील जाणकारांपुढे मांडतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, जपानी ॲनिमेच्या निरनिराळ्या मालिकांमधील महाकाय रोबो आणि त्यांचे पायलट यात एकाच कथेत एकत्र येतात आणि चौकोनी घरे आखलेल्या पटावर, आधी आपली पाळी आणि मग शत्रूची पाळी, अशा क्रमाने लढतात. मॅझिंगर, गेटर रोबो, गंडम, गाओगायगर, रेअर्थ, ग्रिडमन अशी मंडळी खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली पाहताना होणारा आनंद मला पुरेपूर मिळत आहे, त्यामुळे तक्रार त्याविषयी नाही.

माझी शंका खेळाच्या गाभ्याविषयी आहे. याआधी मी 'फायर एम्ब्लेम' आणि 'ॲडव्हान्स वॉर्स' हे पाळीपाळीने खेळायचे व्यूहखेळ बरेच खेळलो आहे. तेथे एक प्यादे चुकीच्या घरात ठेवले तर पुढच्याच पाळीत त्याची किंमत मोजावी लागते. येथे मात्र मिळालेले बहुतेक पैसे मी 'गंडम'मधील अमुरो या पायलटच्या न्यू गंडमवर खर्च केले, त्याच्यावर 'फोकस' ही स्पिरिट कमांड (पायलटला तात्पुरते बळ देणारी आज्ञा) वापरली आणि त्याला शत्रूंच्या घोळक्यात नेऊन उभे केले, की शत्रूच्या पाळीत जो जो त्याच्यावर चाल करून येतो तो तो प्रतिहल्ल्यात कोसळतो. बाकीच्या पंधरावीस रोबोंनी जागचे हललेही नाही तरी चालते. मग स्पिरिट कमांड, भूप्रदेशाचे गुणांक, मनोबल, शस्त्रांचे प्रकार, एवढा सारा पसारा कशासाठी मांडला आहे? या खेळात खोली असेल तर ती नेमकी कोठे आहे, आणि ती अनुभवायची असेल तर मालिकेतील कोणता खेळ घ्यावा, हे कृपया सांगावे.

---

पटावरचा उंट

तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि 'व्ही', 'एक्स', 'टी' व '३०' या अलीकडच्या खेळांच्या सर्वसाधारण काठिण्यपातळीला ते तंतोतंत लागू पडते. या खेळांमध्ये पैसा मुबलक मिळतो आणि एक खेळ संपवून पुन्हा सुरुवात केली तर आधीचा पैसा बरोबर येतो, त्यामुळे एकाच रोबोवर सगळे ओतण्याचा मार्ग नेहमी मोकळा असतो. मात्र त्यावरून मालिकेत व्यूहरचनाच नाही असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. तुम्ही ज्या खेळांची सवय घेऊन आला आहात त्यांच्यात विचार प्रामुख्याने आपल्या पाळीचा करावा लागतो, तर येथे खरी लढाई शत्रूच्या पाळीत होते आणि आपली पाळी ही तिची तयारी असते. प्रत्येक हल्ल्याला प्रतिहल्ला करायचा, बचाव पत्करायचा की हुलकावणी द्यायची, हे प्रत्येक वेळी ठरवता येते. एका फेरीत पाच शत्रू अंगावर येणार असतील तर त्या पाचही प्रतिहल्ल्यांसाठी लागणारी ऊर्जा आणि दारूगोळा शिल्लक आहे का, हे आधीच पाहावे लागते.

या मालिकेत रोबोंची ढोबळमानाने दोन कुळे मानली जातात. गंडमसारखे 'रिअल रोबो' चपळ असतात, मार चुकवतात, पण एखादा घाव बसलाच तर तो जिव्हारी लागतो. मॅझिंगरसारखे 'सुपर रोबो' अंगावर घाव झेलत पुढे सरकतात आणि त्यांचा एक तडाखा शत्रूला पुरेसा असतो, मात्र त्यांचा नेम अनेकदा चुकतो आणि त्यांची सर्वांत जबर शस्त्रे मनोबल वाढल्याशिवाय वापरता येत नाहीत. मनोबल साधारणपणे १०० पासून सुरू होते आणि शत्रू पाडले की वाढते. ज्या शस्त्राला १३० मनोबल लागते ते शस्त्र सरदार (शत्रूपक्षाचा सर्वांत बलाढ्य रोबो) समोर येईपर्यंत हाताशी असावे, यासाठी किरकोळ शत्रू कोणी पाडायचे याचे वाटप पहिल्या फेरीपासून करावे लागते. तुमच्या पद्धतीने खेळले तर सर्व बळी एकट्या अमुरोच्या खात्यात जमा होतात आणि सुपर रोबो शेवटपर्यंत थंड राहतात. वरच्या काठिण्यपातळीवर, जेथे सरदाराचे चिलखत जाड असते आणि त्याचा मारा चुकवणे अवघड जाते, तेथे हीच गोष्ट अंगाशी येते. शिवाय मालिकेतील काही खेळांत एकाच फेरीत एकाच रोबोवर लागोपाठ हल्ले झाले तर त्याची हुलकावणी देण्याची क्षमता दर हल्ल्यागणिक घटत जाते, म्हणजे एकट्याला घोळक्यात उभे करण्याची युक्ती नियमांनीच बोथट केलेली असते.

गेटर रोबोचे उदाहरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. तीन पायलट, तीन याने आणि ती निरनिराळ्या क्रमाने जोडली गेली की तीन निरनिराळे रोबो. गेटर-१ आकाशात उडतो, गेटर-२ जमिनीवर वेगाने धावतो, आणि गेटर-३ पाण्यात लढण्यासाठी आहे. पाळी आली की हलण्याआधी रूप बदलता येते, पण एकदा हालचाल करून हल्ला केला की शत्रूची पाळी संपेपर्यंत तेच रूप अंगावर राहते. समजा पटाचा अर्धा भाग समुद्र आहे आणि शत्रू पाण्यात दडला आहे. बीम (किरण सोडणाऱ्या) शस्त्रांचा जोर पाण्यात ओसरत असल्यामुळे गंडमचा तेथे फारसा उपयोग नाही. गेटर-३ होऊन पाण्यात उतरलात तर तो शत्रू पडतो, पण त्यानंतर आकाशातून येणाऱ्या तुकडीचे सगळे घाव तुम्हाला त्याच मंद रूपात, त्या रूपाचे सुकाणू ज्या पायलटच्या हाती आहे त्याच्याच कौशल्यावर झेलायचे आहेत. याउलट गेटर-१ राहिलात तर आकाशातील तुकडीचा बंदोबस्त होतो, मात्र पाण्यातील शत्रू एक फेरी अधिक जगतो आणि तुमच्या मदरशिपवर (रोबोंना वाहून नेणाऱ्या मोठ्या यानावर) मारा करतो. त्यात तिन्ही पायलटांचे स्पिरिट पॉइंट (स्पिरिट कमांड वापरताना खर्च होणारे गुण) स्वतंत्र असतात, म्हणजे एकाच रोबोच्या पोटात तीन तिजोऱ्या आहेत, आणि त्यांतील कोणती आता उघडायची व कोणती सरदारासाठी राखायची हा निर्णयही त्याच वेळी घ्यावा लागतो. हा निर्णय 'फायर एम्ब्लेम'मधल्या कोणत्याही चालीइतकाच अवघड आहे. अमुरो एकटाच सगळे उरकत असेल तर तो घेण्याची वेळ येत नाही, इतकेच.

माझी सूचना अशी की '३०' सोडू नका, पण काठिण्यपातळी वाढवा आणि पैसा एका रोबोवर न घालता सात-आठ रोबोंमध्ये वाटा. खेळाचा पोत तेवढ्यानेच बदललेला दिसेल.

---

निशिगंधा

उंट यांनी पटाची बाजू उत्तम मांडली आहे, तरी माझ्या मते या मालिकेची खोली केवळ अवघडपणात शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. अनेक कलाकृती एकत्र आणणारे खेळ पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत पात्रांचे चेहरे तेवढे निरनिराळे असतात, आतले नियम मात्र सगळ्यांना सारखेच. 'सुपर रोबोट वॉर्स'मध्ये प्रत्येक मालिकेचा स्वभाव नियमांत उतरवलेला असतो, आणि तो नियम कळला की मूळ मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती नव्याने दिसू लागते. मला या खेळांची ओढ आहे ती मुख्यतः यासाठी.

१९९७ साली सेगा सॅटर्न या कन्सोलवर आलेल्या 'एफ' या खेळाचे उदाहरण घ्या. 'इव्हँजेलियन' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९९५-९६ मध्ये झाली, म्हणजे ती त्या वेळी अगदी ताजी होती. त्या मालिकेतील इव्हा नावाचे, मुले चालवतात ते महाकाय रोबो केबलने मिळणाऱ्या विजेवर चालतात आणि केबल तुटली की काही मिनिटांत निकामी होतात. खेळात हे असे उतरले आहे की वीजपुरवठ्याच्या टप्प्यात असेपर्यंत इव्हाची ऊर्जा भरलेली राहते आणि दूर गेली की ती झपाट्याने आटू लागते. तिच्याभोवतीची एटी फील्ड (संरक्षक कवच) ठरावीक मर्यादेखालचा प्रत्येक घाव परतवते, म्हणून कोणालाही वाटेल की हिला सर्वांत पुढे पाठवावे, पण केबल तिला मागे ओढते. त्या मालिकेतील मुलांची जी कोंडी आहे, अफाट सामर्थ्य हाती आहे आणि तरीही मोकळीक नाही, ती येथे संवादाच्या एका ओळीशिवाय खेळणाऱ्याच्या अनुभवाला येते.

पुढच्या वर्षीच्या 'एफ फायनल'मध्ये 'इडिऑन' आहे. हा रोबो मार खातो तसतसे त्याचे एक मापक चढत जाते आणि मापकाबरोबर त्याची शक्तीही वाढते, पण ती एका मर्यादेपलीकडे गेली की त्याच्यावर कोणाचाही ताबा उरत नाही. ज्यांनी ती मालिका आणि तिचा भीषण शेवट पाहिला आहे त्यांना हा नियम वाचतानाच काटा येईल. येथे व्यूहरचना आहेच: त्याला किती मार खाऊ द्यायचा आणि कोणत्या क्षणी मागे घ्यायचे, हे ठरवावे लागते. परंतु ती व्यूहरचना त्या कथेतून उगवलेली आहे. हा रोबो काढून त्याच्या जागी दुसरा ठेवला तर नियमही नाहीसा होईल.

आणि ज्याच्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील ते म्हणजे मूळ कथेत मरणारी माणसे. १९८५ साली सुरू झालेल्या 'झेटा गंडम'मध्ये नायक कामील आणि फोर मुरासामे ही तरुणी या दोघांची गाठ शत्रू म्हणून पडते आणि फोर जिवंत राहत नाही. 'सुपर रोबोट वॉर्स'च्या अनेक खेळांत तिला वाचवता येते, पण ते आपोआप घडत नाही. ठरावीक लढायांमध्ये कामीलला तिच्याजवळ न्यावे लागते, तिच्याशी बोलणे घडवून आणावे लागते, आणि तोपर्यंत तिच्या रोबोला आपल्याच बाजूच्या कोणाच्या प्रतिहल्ल्याने उडवले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तुमचा घोळक्यातला अमुरो येथे घातक ठरेल, कारण समोरून कोण येत आहे हे न पाहता तो सर्वांना पाडत सुटतो. शत्रूची संपूर्ण पाळी हात आखडता घेऊन, फक्त बचाव करत काढायची आणि मग कामीलला चार घरे पुढे सरकवून तो एक संवाद ऐकायचा, यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कोणत्याही व्यूहखेळात मिळालेले नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या प्रेक्षकांनी ते मरण हतबलपणे पाहिले, त्यांच्या हातात खेळ तो क्षण पुन्हा देतो, आणि तो बदलण्यासाठी कष्टही करायला लावतो.

याच धर्तीवर एकमेकांवर जीव असलेली पात्रे पटावर शेजारी असतील तर अनेक खेळांत त्यांच्या लढण्याला बळ मिळते. त्यामुळे कोणाला कोणाशेजारी उभे करायचे याचा हिशेब कथेच्या जाणकारीशिवाय लागत नाही.

---

पटावरचा उंट

निशिगंधा यांचा मुद्दा मान्य आहे. एवढेच सांगतो की कामीलला चार घरे पुढे सरकवण्यासाठी ती चार घरे मोकळी असावी लागतात, आणि ती मोकळी करणे हे पटावरचेच काम आहे.

---

जुनी काडतुसे

कोणता खेळ घ्यावा या प्रश्नाचे उत्तर भाषेशी बांधलेले असल्यामुळे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मालिकेतील पहिला खेळ बॅनप्रेस्टो या जपानी कंपनीने १९९१ च्या एप्रिलमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवर आणला आणि त्यात पायलट नव्हतेच, रोबो स्वतःच बोलत आणि लढत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फॅमिकॉम या कन्सोलवर आलेल्या दुसऱ्या खेळापासून पायलट आले, सलग कथा आली आणि मासाकी आंदो व त्याचा सायबस्टर ही खेळाची स्वतःची निर्मिती असलेली जोडीही आली. तेव्हापासून हा सिलसिला अखंड चालू आहे, पण त्यातील बहुतांश खेळ केवळ जपानीत निघाले. एका खेळात पंधरावीस मालिका असतात, त्यांचे हक्क निरनिराळ्या कंपन्यांकडे असतात आणि जपानबाहेरचे हक्क आणखी वेगळ्या हातांत असतात. ही गाठ सोडवणे अनेक वर्षे कोणाला जमले नाही.

तिला वळसा घालणारा पहिला खेळ म्हणजे 'ओरिजिनल जनरेशन'. त्यात बाहेरची एकही मालिका नाही, सगळे रोबो आणि पायलट बॅनप्रेस्टोचे स्वतःचे, म्हणून अ‍ॅटलसने २००६ साली गेम बॉय ॲडव्हान्सवरील त्याचे दोन्ही भाग अमेरिकेत अधिकृत इंग्रजीत आणले. पुढे 'द मून ड्वेलर्स' (२०१६) आणि 'व्ही' (२०१७) यांच्यापासून आग्नेय आशियासाठी इंग्रजी आवृत्त्या निघू लागल्या, ऑक्टोबर २०२१ मधला '३०' पाश्चात्त्य देशांतही स्टीम या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानावर उपलब्ध झाला, आणि ऑगस्ट २०२५ मधला 'वाय' तर तेथे कन्सोलवरही आला.

रात्रपाळी, तुम्हाला पटाची कसोटी हवी असेल तर 'ओरिजिनल जनरेशन'चा पहिला भाग खेळा, असे मी आग्रहाने सांगेन. पैसा बेताचा मिळतो. प्रत्येक लढाईत एक जादा अट असते, उदाहरणार्थ इतक्या फेऱ्यांच्या आत अमुक शत्रू पाडा, आणि ती पूर्ण केली की गुण मिळतात. हे गुण वाढत गेले की पुढच्या लढाया अधिक कठीण होतात, म्हणजे तुम्ही चांगले खेळत आहात हे ओळखून खेळ स्वतःची पातळी उंचावतो. बऱ्याच रोबोंवर पायलट बदलून बसवता येतात, सुटी शस्त्रे एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतात. सुरुवातीला र्‍यूसेई किंवा क्योसुके या दोन नायकांपैकी एकाची वाट निवडावी लागते. तुम्ही क्योसुकेची निवडा, कारण त्याचा आल्टआयझन हा जाड चिलखताचा, अगदी जवळून भिडणारा रोबो तुमची घोळक्यात उभे राहून मारा चुकवण्याची सवय मोडून काढील.

---

रात्रपाळी (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंट यांनी सांगितल्याप्रमाणे '३०'मध्ये पैसा वाटून खेळलो आणि फरक खरोखर जाणवला. रेअर्थच्या तिघी नायिका आजवर मी यानातून बाहेरच काढल्या नव्हत्या, त्या आता प्रत्येक लढाईत असतात. त्याचबरोबर 'ओरिजिनल जनरेशन' क्योसुकेच्या वाटेने सुरू केला आहे आणि तो मनापासून आवडला आहे.

तेथे एक नवी अडचण आली आहे. काही सरदारांचे एचपी (उरलेले बळ) एका मर्यादेखाली गेले की ते दोन वाक्ये बोलून रणांगण सोडून जातात, आणि त्यांना पाडल्यावर मिळणारे पैसे व सुटे भाग हातचे जातात. प्रत्येक वेळी मी त्यांना जवळजवळ संपवत आणतो आणि ते निसटतात. हे कथेनुसार अटळ आहे, की त्यांना पाडता येते?

---

पटावरचा उंट

बहुतेकांना पाडता येते, आणि या मालिकेतील सर्वांत सुंदर हिशेब मला हाच वाटतो. समजा सरदाराचे एचपी ४०,००० आहेत आणि ते १२,००० च्या खाली गेले की तो पळतो. याचा अर्थ असा की १२,००० च्या किंचित वर असताना त्याच्यावर पडणारा पुढचा एकच घाव त्याला संपवणारा असला पाहिजे. मधली पायरी नाही. म्हणून आधी शेवटचा घाव कोणाचा हे ठरवा आणि तेथून उलट मोजत या.

आल्टआयझनचे सर्वांत जबर शस्त्र या सरदारावर साधारण ६,५०० चे नुकसान करते असे धरू. 'व्हॅलर' ही स्पिरिट कमांड एका हल्ल्याचे नुकसान दुप्पट करते, म्हणजे १३,००० झाले. तेव्हा सरदाराला १२,००० आणि १३,००० यांच्या मधल्या अरुंद पट्टीत आणून ठेवायचे आहे. तेवढ्यासाठी इतरांनी मोठी शस्त्रे न वापरता शेवटी शेवटी लहान शस्त्रांनी मोजून टोचायचे असते, आणि प्रत्येक हल्ल्यापूर्वी त्याचे उरलेले एचपी पाहायचे असतात. ते दिसत नसतील तर माहिती उघड करणारी स्पिरिट कमांड आधी वापरावी. एखाद्या टोचणीने क्रिटिकल (नेहमीपेक्षा अधिक नुकसान करणारा) घाव झाला तर पट्टी ओलांडली जाते, यासाठी या कामावर क्रिटिकलचे प्रमाण कमी असलेले शस्त्र नेमावे. शेवटच्या घावाचा नेम चुकणार नाही यासाठी 'स्ट्राइक' हवी, जी त्या फेरीत शंभर टक्के नेमाची खात्री देते. दोन्ही कमांडना पुरतील इतके स्पिरिट पॉइंट क्योसुकेकडे तोपर्यंत राखलेले असायला हवेत, म्हणजे वाटेतल्या किरकोळ शत्रूंवर त्याने ते उधळता कामा नयेत.

दुसरी काळजी शत्रूच्या पाळीची. सरदार पट्टीच्या जवळ आला आणि तुमची पाळी संपली, तर तो तुमच्या कोणावर तरी हल्ला करील, तुमचा प्रतिहल्ला त्याला लागेल आणि तो मर्यादेखाली जाऊन निघून जाईल. अशा वेळी त्याच्या टप्प्यातील सर्वांना प्रतिहल्ल्याऐवजी बचाव किंवा हुलकावणी निवडायला लावा. निशिगंधा यांनी फोरच्या बाबतीत जे सांगितले तेच तंत्र येथे लागू पडते.

---

निशिगंधा

यात एक भर घालते. बळ कमी पडत असेल तर 'सपोर्ट अटॅक' हे कौशल्य असलेला साथीदार आल्टआयझनच्या शेजारच्या घरात उभा करा, म्हणजे त्याचा हल्लाही त्याच चकमकीत सामील होतो आणि दोघांचे नुकसान मिळून तुमची पट्टी बरीच रुंद होते. क्योसुकेजवळ त्याची साथीदार पायलट एक्सेलन हिला ठेवले तर कथेलाही ते शोभून दिसते. तिचा वाइसरिटर लांबून मारा करणारा आणि चिलखताने अगदी हलका आहे, त्यामुळे ती सरदाराच्या शेजारच्या घरात येणार नाही याकडे मात्र लक्ष ठेवा. तिला आल्टआयझनच्या पाठीशी ठेवा आणि आधी तिच्यावर 'अलर्ट' वापरा, म्हणजे शत्रूच्या पाळीतला पहिला हल्ला ती नक्की चुकवील.